आपला नम्र, जोतीराम

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं म्हणे. मी घेते. दिवसभर एसटीडी बूथवर बसून परक्या बाप्यांना नावानं हाका मारायच्या आणि घरातल्याला तेवढं 'अहो' म्हणायचं, हे आपल्याला जमत नाही. जोतीराम नाथाजी गोरड, माझा नवरा. माझी भाषा जराशी पुस्तकी वाटेल, पण ती फोनवर बोलून बोलून तशी झालीय. माहेर आटपाडीकडचं, राग आला की खरी भाषा बाहेर येते. आणि जोतीरामबद्दल सांगायचं म्हणजे राग येणारच.

हा माणूस मूळचा माणमधला, दहिवडीपासून लय आत असलेल्या एका वाडीवरचा. बाप मेंढरं राखायचा, आजा मेंढरं राखायचा, हा एकटाच शाळेत टिकला. साताऱ्याला वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाला, वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि मिरजेत एका ट्रस्टच्या दवाखान्यात ऑपरेटर म्हणून चिकटला. पेशंटची बिलं छापायची, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढायचा आणि साहेब लोकांचा ओरडा खायचा, एवढंच काम. ते तो मन लावून करायचा. ओरडासुद्धा मन लावून खायचा.

ह्याचा मोठा गुण म्हणजे हा कुणाला दुखवत नाही, आणि तोच ह्याचा मोठा अवगुण. आधी म्हणे असा नव्हता. ह्याच्या धाकट्या भावाच्या, सूरजच्या लग्नाची पत्रिका ह्यानं छापून आणली आणि निमंत्रकांत चुलत्याचं, अर्जुनाकाकाचं नाव राहिलं. झालं. काका लग्नादिवशी नवा फेटा बांधून, सगळ्या वाडीला दिसेल असा, स्वतःच्या दारात बाजेवर बसून राहिला, पण मांडवात पाऊल टाकलं नाही. वरात दारावरून गेली तेव्हा मुद्दाम भिंतीकडं तोंड करून बसला. पुढं कितीतरी वर्षं तो जोतीरामशी बोलला नाही, आणि बोलत नाही हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला.

तेव्हापासून जोतीरामनं धसका घेतला. काहीही छापायचं म्हटलं की हा आधी नावं घालतो, मग जागा उरली तर मजकूर. आमच्या घरभरणीच्या पत्रिकेत नावं एवढी झाली की कार्यक्रमाची वेळच छापायची राहिली. लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत येत होते आणि मी दिवसभर चुलीपुढं भाजून निघाले.

माझा बूथ मिरजेत, दवाखान्यांच्या रस्त्याला. गिऱ्हाईक म्हणजे सगळे पेशंटांचे नातेवाईक. कुणी मुंबईला भावाला बोलवायचं, कुणी गावाकडं ऑपरेशन नीट झालं म्हणून सांगायचं, कुणी नुसतंच रडायचं आणि मी मीटरकडं बघत बसायचं. बूथ उघडायची मी, झाडायची मी, टेलिफोनवाल्यांशी वाद घालायची मी. पाटीवर मात्र 'प्रोप्रायटर : जोतीराम ना. गोरड'. पाटी रंगवणाऱ्यानं विचारलंसुद्धा नाही, त्यानं बाप्याचंच नाव घातलं. तेव्हा मी गप्प बसले, कारण लग्न नवीन होतं.

सत्त्याण्णव साल असेल. जोतीरामनं एक कॉम्प्युटरचं मासिक आणलं, त्याच्याबरोबर एक सीडी होती. त्यात लिनक्स. आता हे लिनक्स म्हणजे काय ते त्यानं मला दहा वेळा सांगितलं आणि अकराव्यांदा मी लाटणं उचललं. मला कळलं ते एवढंच, की जगातले कोण कोण लोक प्रोग्रॅम लिहून फुकट वाटतात. नुसते वाटत नाहीत, आतलं सगळं उघडं ठेवतात. कुणालाही काही चुकलेलं दिसलं की त्यानं दुरुस्त करायचं आणि मूळ मालकाला पाठवायचं. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात, म्हणजे ठिगळ. मालकाला पटलं तर तो ते ठिगळ आपल्या प्रोग्रॅमला लावून घेतो.

सासू, रंगुबाई, तेव्हा आमच्याकडं आली होती. चातीवर लोकर कातत ऐकत होती. तिनं विचारलं, ह्यात तुला काय मिळतं. जोतीराम म्हणाला, काय नाही. मला वाटलं आता म्हातारी ह्याला झाडते. तर ती म्हणाली, "मंग पाणोठ्यागत हाय की. मेंढरं पाजायची, दगड निसटल्याला दिसला तर बशिवायचा आन् फुडं जायचं." आणि परत कातायला लागली. जोतीरामचा चेहरा असा फुलला, की मला त्या म्हातारीचा हेवाच वाटला. मी लाटणं उचललेलं असताना तिनं एका वाक्यात पोरगा खिशात घातला.

आता नानासो सांगायला पाहिजेत. नानासो म्हणजे त्या ट्रस्टचे अध्यक्ष. पांढरं धोतर, पांढरा शर्ट, पांढरी गाडी. पुण्याला कुणाच्या तरी व्हिजिटिंग कार्डावर त्यांनी ईमेलचा पत्ता छापलेला बघितला आणि परत आल्यावर म्हणाले, आपल्यालाही पाहिजे. त्या काळात इंटरनेट म्हणजे पुण्याला फोन लावून जोडायचं. जोतीरामनं खटपट करून खातं काढलं, नानासोंच्या नावानं. कार्डं छापून झाली आणि नानासोंचं काम झालं. त्यांना ईमेल करणार कोण? त्यांना भेटायला माणसं बंगल्यावर येत होती.

खातं मोकळंच पडलं होतं. जोतीरामनं भीत भीत विचारलं, मी जरा वापरू का, एका परदेशी प्रोग्रॅमला दुरुस्ती पाठवायची आहे. नानासोंना परदेशी एवढं ऐकू गेलं. म्हणाले, वापर, पण दवाखान्याचा फोन अडवायचा नाही आणि दुरुस्तीत आमचं नाव पाहिजे. दवाखान्यानं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटरही देऊन टाकला. म्हणजे खातं नानासोंचं, डबा दवाखान्याचा आणि फोन माझ्या बूथचा. दुपारी गिऱ्हाईक जेवून आडवं झालं की जोतीराम अर्ध्या रजेवर येऊन माझ्या स्टुलावर बसायचा आणि मी उभी.

ज्या प्रोग्रॅमच्या तो मागं लागला होता तो होता डायलर. फोन लावून इंटरनेट जोडून देणारा. तो लिहिला होता नेदरलँडच्या हेंड्रिक नावाच्या माणसानं. त्याच्या देशात बहुतेक पहिल्या झटक्याला लाईन लागत असावी, कारण हा प्रोग्रॅम लागोपाठ तीनदा फोन लावायचा आणि एंगेज आला की हात वर करायचा. पुण्याचा नंबर तीनदात लागायला आपण काय मंत्री आहोत? जोतीरामनं आत शिरून तिनाचे शंभर केले. मग ते यंत्र थांबेचना. लाव, आपट, लाव, आपट, आणि फोनला जोडलेल्या त्या मोडेमचं किंचाळणं. समोरच्या मेडिकलवाल्यानं येऊन विचारलं, वहिनी, कुणाला दुखतंय का.

मी वैतागले. आता ह्यातलं मला कॉम्प्युटरचं काही कळत नाही, पण फोन न लागणं हा माझा धंदा होता. सकाळी मुंबईचा नंबर मागायला रांग लागायची आणि सगळे नंबर एंगेज. मला एक ध्यानात आलं होतं. एंगेज आला की लगेच परत लावला तर परत एंगेजच येतो. पण मधे गिऱ्हाइकाशी माझं भांडण झालं, की नंतर लागतो. मग ते भांडण पान थुंकण्यावरून असो, नाहीतर बिलावरून. छोटं भांडण झालं आणि नाही लागला, तर पुढचं जरा मोठं करायचं. लागतोच.

हे मी त्याला तावातावानं सांगितलं. "कुत्रं मागं लागल्यागत काय लावतोस रं? तुझ्यागत धा जन त्याच ठेक्यात लावत बसल्यात, समदे एकदम दारात घुसाय बघतात. जरा भांड की कुनाशी. मंग लाव."

तो आधी हसला. मग हसायचा थांबला. मग माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की लग्नानंतर तसं पहिल्यांदाच बघितलं असेल, आणि मी पदर सारखा करेपर्यंत तो स्क्रीनकडं वळलासुद्धा. त्यानं लिहिलं काय, तर एंगेज आला की प्रोग्रॅमनं थांबायचं. परत एंगेज आला की आणखी जास्त थांबायचं. आणि दर वेळी सारखं नाही, कमीजास्त, भांडण कसं कमीजास्त लांबतं तसं. आतल्या त्या भागाला त्यानं नावच दिलं भांडण, इंग्रजी अक्षरांत. दुसऱ्या दिवशी दुपारी लावून बघितलं. मोडेम किंचाळलं, गप्प बसलं, परत किंचाळलं, जरा जास्त गप्प बसलं, आणि पुणं लागलं.

ठिगळ तयार झालं, आता पाठवायचं. त्याच्याबरोबर एक फाईल असते, कुणी काय काम केलं त्यांची नावं. बाकीच्या जगात तिथं एक नाव असतं. जोतीराम चार दिवस ती फाईलच लिहीत बसला. पाठवून झाल्यावर मला प्रिंट काढून दाखवली, कुणी राहिलं का बघ म्हणून. सगळ्यात वर प्रेरणास्थान, माननीय नानासो. मग मार्गदर्शक म्हणून दवाखान्याचे सगळे डॉक्टर, त्यात कानाचा डॉक्टरसुद्धा. विशेष सहकार्य म्हणून वायर ओढून देणारा आकाराम आणि चहावाली अंबूबाई. आशीर्वाद म्हणून वारलेला आजा, कैलासवासी लावून. अर्जुनाकाका तर दोन ठिकाणी, न जाणो एका ठिकाणी दिसला नाही तर. सगळ्यात शेवटी, 'समस्त गोरड परिवार', आणि त्याच्या खाली 'आपला नम्र, जोतीराम'.

मी दोनदा वाचली. मग विचारलं, माझं नाव कुठाय.

"हाय की. समस्तात."

"आकाराम सुटा आन् मी समस्तात व्हय?"

तो म्हणाला, घरच्या माणसाचं नाव वेगळं कशाला घालायचं, लोक हसतील. मला एवढा संताप आला की मी ती प्रिंट चुरगाळून अंबूबाईच्या शेगडीत घातली. भांडायची अक्कल माझी. ती नेदरलँडला निघाली. आणि मी म्हणजे समस्त. पाटीवरही नाही आणि इथंही नाही. मी त्या रात्री त्याला वाढलं, पण बोलले नाही.

चारपाच दिवसांनी हेंड्रिकचा ईमेल आला. जोतीरामनं तो मला मराठीत सांगितला, कारण माझं इंग्रजी दहावीचं. सुरुवात होती, 'प्रिय नानासो'. का, तर खातं नानासोंचं, आणि फाईलमध्ये सगळ्यात वर नाव नानासोंचं. आपल्याकडं सगळ्यात वरचा काही करत नाही हे त्या गोऱ्याला कोण सांगणार? त्यानं लिहिलं होतं, बदल फार चांगला आहे, आम्ही चालवून बघितला, हे भांडण म्हणजे काय ते मात्र कळलं नाही. पण तुमची नावांची फाईल मूळ बदलापेक्षा मोठी आहे. आमच्याकडं फक्त काम करणाऱ्याचं नाव लागतं. ह्यातल्या कुणी नक्की काय केलं ते कळवा. रविवारी नवीन आवृत्तीचं काम संपतं, त्याच्या आत कळवलं नाही तर हे पुढच्या वर्षी.

जोतीरामचं तोंड पांढरं पडलं. ह्या शहाण्यानं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. आकारामनं पेढे वाटले होते. वाडीवर अर्जुनाकाका चक्क बोलायला लागला होता. आणि नानासोंच्या वाढदिवसाच्या पुस्तिकेत 'परदेशी संगणक क्षेत्रात योगदान' असं छापूनही झालं होतं.

तो त्या फाईलपुढं बसला आणि एकेक नाव खोडायला लागला. खोडायचा आणि परत लिहायचा. कानाच्या डॉक्टरला खोडताना त्यानं हळूच कानाला हात लावला. आजाला खोडताना तर डोळ्यांत पाणी. मी बघत उभी होते. मला कुणाचीच कीव आली नाही. माझं एकच म्हणणं होतं, आणि ते मी फोनच्या कुलपाला किल्ली फिरवून सांगितलं. आमच्या बूथच्या फोनला लाईन बंद करायचं कुलूप होतं, आणि किल्ली माझ्या कमरेला.

"माझं नाव. माझ्या नावानं. न्हाईतर लाईन न्हाई."

तो गयावया करायला लागला. नानासोंचं काढलं तर नोकरी जाईल, म्हणाला. मी म्हटलं, नानासोंचं ठेव नाहीतर डोक्यावर घेऊन नाच, मला काय. माझं घाल. तो म्हणाला, एवढ्याशा कामाला दोघांपेक्षा जास्त नावं घालून घ्यायचा नाही तो माणूस. म्हटलं, मग दोघांत माझं. शनिवार गेला. जोतीराम जेवला नाही. मी जेवले.

रविवारी दुपारी त्यानं मला हाक मारली आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. इंग्रजीत लिहिलेलं, पण मला वाचता आलं. मंगल गोरड. पुढं लिहिलं होतं, थांबण्याची कल्पना. मला काय झालं ते सांगता येत नाही. वरची ओळ मी बघितलीच नाही. मी कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि त्याच्यासाठी अंबूबाईकडून दोन कप चहा आणि वडा मागवला. ते ठिगळ गेलं.

मग लय दिवस गेले. मधल्या काळात नानासोंचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार. त्यांनी 'संगणक आणि ग्रामीण युवक' ह्या विषयावर भाषण केलं आणि त्यात संगणकाचा उल्लेख एकदाच आला. आभार मानायला जोतीरामला उभं केलं होतं. ह्यानं नानासोंपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. मी पाठीमागच्या रांगेत बसून शेंगदाणे खात होते. मला वाटलं, असू दे. त्या फाईलमध्ये माझं नाव आहे, ह्याचं नाव आहे, वरून हा पांढरा झगा कशाला काढायचा?

वर्षभरानं मासिकाबरोबर नवी सीडी आली. त्यात हेंड्रिकचा डायलर होता, नवी आवृत्ती. म्हटलं दाखव. जोतीराम टाळाटाळ करायला लागला. आज मोडेम गरम आहे, आज सीडी घाण आहे. मोडेमचा आणि सीडीचा संबंध नाही एवढं मला आतापर्यंत कळायला लागलं होतं. मी त्याच्या मागं उभी राहिले आणि म्हटलं, उघड.

फाईल उघडली. जगभरातल्या लोकांची नावं, देश लिहिलेले. भारताखाली दोन. नानासो, भांडण लिहिणारे. मंगल गोरड, कल्पना. मी खाली बघितलं, वर बघितलं, पुढचं पान बघितलं. जोतीराम कुठंच नव्हता. आपला नम्र म्हणूनसुद्धा नव्हता.

"तुझं कुठाय रं?"

मी स्टूल ओढून त्याच्या समोर बसले, गिऱ्हाईक दारात उभं होतं त्याला घालवलं, आणि परत विचारलं. तेव्हा त्यानं खाली बघत सांगितलं, "माजं घालायचं तर त्येला सांगाय लागलं असतं, का इतके दिवस तू ज्येला नानासो म्हंतोस, त्यो नानासो न्हवंच. मंग त्यो म्हनला असता, ही समदी खोटारडी मानसं. तुजंबी नाव गेलं असतं. तू तर कुलूप लावून बसल्याली."

मला राग आवरेना आणि कुणावर काढायचा ते कळेना. नानासोंवर काढावा तर ते बंगल्यावर. हेंड्रिकवर काढावा तर तो नेदरलँडला. मी जोतीरामलाच धरलं. म्हटलं, तुला अक्कल हाय का, येड्या, सगळं तू लिहिलंस, चार चार महिने माझं स्टूल झिजवलंस, आणि त्या धोतरवाल्याला भांडण लिहिणारे? त्यांनी आयुष्यात कधी कीबोर्डाला बोट लावलंय का? बोलता बोलता मला रडू फुटलं. मला माझं नाव पाहिजे होतं, आणि ते मिळालंही होतं, आणि आता ते तिथं नानासोंच्या शेजारी बसलं होतं. जोतीराम मलाच समजवायला लागला. म्हणाला, जाऊ दे गं, मला म्हाईती हाय की मी लिवलंय.

म्हटलं, जाऊ दे म्हणायचं नाही. तोवर इंटरनेट सांगलीहूनच मिळायला लागलं होतं. मी दुसऱ्या दिवशी बूथ बंद ठेवला, त्याला धरून सांगलीला नेलं आणि नवीन खातं काढलं, जोतीराम नाथाजी गोरड ह्या नावानं. फॉर्म भरताना तो म्हणाला, तुझं पण नाव जोडू का. मी नुसतं बघितलं. त्यानं पेन खाली ठेवलं.

मग त्यानं नवीन ठिगळ करायला घेतलं. आमच्याकडं लाईट जायची. अर्धं काहीतरी उतरवून घेतलेलं असायचं आणि लाईट गेली की सगळं पहिल्यापासून. जोतीरामनं असं केलं, की लाईट आल्यावर डायलरनं आपण होऊन परत फोन लावावा आणि जिथं राहिलं होतं तिथून पुढं चालू करावं. हे काम भांडणाच्या दसपट होतं. हिवाळा गेला त्यात. मी मधे मधे मुद्दाम मेन स्विच पाडायची, तो चालतंय का बघायचा. समोरच्या मेडिकलवाल्याला वाटायचं आमचं घरात बिनसलंय.

झालं तयार. नावांच्या फाईलमध्ये ह्या वेळी एकच नाव. ते लिहायला त्याला अर्धा दिवस लागला. दोनदा त्यानं अर्जुनाकाका लिहिला आणि दोनदा मी पुसायला लावला. पाठवलं, त्याच्या स्वतःच्या खात्यावरून.

आठवड्यानं उत्तर आलं. मी गिऱ्हाइकाचं बिल काढत होते. जोतीराम वाचत होता आणि त्याच्या मानेवरून मला कळलं, की काहीतरी वंगाळ आहे. म्हटलं, मोठ्यानं सांग.

हेंड्रिकनं लिहिलं होतं, प्रिय जोतीराम, आमच्या कामात तुमचं स्वागत. तुम्ही आम्हाला नवीन आहात. एवढा मोठा बदल अनोळखी माणसाकडून आम्ही एकदम घेत नाही. नवख्या लोकांनी आधी छोटी कामं करावीत, माहितीपत्रकातल्या चुका वगैरे, त्यासाठीचे नियम सोबत जोडले आहेत. तुमच्या देशातले दोघं आमच्या चांगले ओळखीचे आहेत, नानासो आणि मंगल. मंगलची थांबण्याची कल्पना आमच्या प्रोग्रॅममधली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहे, असं लोक अजून लिहून कळवतात. त्या दोघांपैकी कुणी तुमच्याबद्दल दोन शब्द लिहून खात्री दिली, तर मी तुमचं काम बघेन.

मला हसू आलं. खरं सांगते, आधी हसूच आलं, पोट धरून. गिऱ्हाईक सुट्टे पैसे विसरून माझ्याकडं बघायला लागलं. जोतीराम मात्र नवख्यांचे नियम उघडून वाचायला लागला होता. म्हणाला, बराबर हाय त्येचं, पयल्यापास्नं सुरवात करतो, चुका शोधतो. त्याचा चेहरा बघितला आणि माझं हसू जागच्या जागी गेलं. हा माणूस खरंच पहिल्यापासून सुरुवात करणार होता. कुणालाही न दुखवता.

मी बूथचं दार लोटलं, त्याच्या शेजारी दुसरं स्टूल ओढलं आणि म्हटलं, उत्तर लिही. कुणाकडनं, त्यानं विचारलं. म्हटलं, मंगलकडनं. तो म्हणाला, कुठल्या खात्यावरनं? म्हटलं, नानासोंच्या. एवढे दिवस ते वापरलं, आज पहिल्यांदा चांगल्या कामाला वापर. मी सांगते, तू त्याचं इंग्रजी कर.

त्यानं बोटं कीबोर्डावर ठेवली. ह्या माणसाबद्दल चांगलं काय सांगायचं म्हटलं, तर मला सुरुवात सापडेना. इतक्या वर्षांत कधी सांगितलंच नव्हतं. सांगायची वेळ आली की दुसरंच काहीतरी तोंडातून निघायचं.

मग मी सांगितलं, "लिही. ह्या जोतीरामला मी वळखते. ह्यो काम करतो आन् नाव दुसऱ्याचं घालतो. तुमचं ते थांबायचं मी बोल्ले, पन लिवलं ह्येनं. मी बगितल्याल्या मानसांत ह्यो सगळ्यात चांगला हाय."

कीबोर्ड खडखडला आणि थांबला. जोतीरामनं मान वर केली नाही.

"शेवटलं परत सांग की," तो म्हणाला. "लिवायचं ऱ्हायलं."

स्क्रीनवर शेवटची ओळ टाईप झालेली मला दिसत होती. तरी मी परत सांगितलं.